खंडेनवमीआधी बॉनेटखालची सफाई : घरी करायची तर काय तयारी ठेवाल

नवरात्र बसलं की कोल्हापुरात गल्लोगल्ली गाड्या धुवायला निघतात. खंडेनवमीला हार घालायचा म्हणून पत्रा घासला जातो, काचा पुसल्या जातात, मॅट कठड्यावर वाळत पडतात. बॉनेट मात्र फार कमी जण उघडतात. पावसाळाभर गगनबावडा, राधानगरीकडं ये-जा झाली असेल तर आत तांबडा चिखल सुकून बसलेला असतो. गाडी रोज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत उभी राहत असेल तर फौंड्रीची काळी धूळ असते, आणि मागच्या गळीत हंगामात पाचट पेटवल्यावर उडालेली काजळीही कोपऱ्याकोपऱ्यात तशीच असते. हे सगळं तेलाच्या ओलाव्यावर चिकटतं आणि त्याचा थर होतो. तो थर घरी नीट काढता येतो, पण या कामात पाण्याचा वाटा अगदी थोडा आहे. निम्म्याहून जास्त वेळ तयारीत जातो आणि तो जायलाच हवा.

आधी दिवस ठरवा. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. चार-पाच दिवस हाताशी ठेवा, म्हणजे कुठं ओल राहिली तर वाळायला वेळ मिळेल. परतीचा पाऊस अजून रेंगाळत असतो, म्हणून ऊन पडणारा दिवस बघा. पण धुताना गाडी सावलीत हवी, नाहीतर फेस जागीच वाळून डाग पडतात. सकाळी, गाडी चालू करण्याआधीच सुरुवात करा. इंजिन रात्रभर थंड झालेलं असतं. चालू इंजिनातलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) नव्वद अंशांच्या पुढं असतं आणि धूर सायलेन्सरकडं नेणारा पाइप, म्हणजे मॅनिफोल्ड, त्याहून कितीतरी जास्त तापतो. अशा धातूवर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. सकाळी गाडी बाहेर नेलीच असेल तर दोन-तीन तास बॉनेट उघडं ठेवून थांबा.

काही गाड्यांना हात लावायचा नाही हेही आधीच ठरवून टाका. बॉनेटखाली जाड नारिंगी केबल दिसत असेल, म्हणजे गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल, तर कोरडं फडकं फिरवून थांबा, पाणी अजिबात नको. सीएनजी किट असेल तर त्याचा रेग्युलेटर आणि इंजेक्टरची पट्टी ओली करू नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सोबत मिळालेलं पुस्तक उघडून बघा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं काम. पाण्याला हात लावण्याआधी घाण नीट बघून घ्या. मोबाइलचा टॉर्च लावा आणि वरून खाली सावकाश बघत या. सुकी, करडी धूळ सगळीकडं सारखी असेल तर ती नुसती धूळ आहे. पण टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या कडेला, जिथं तेल अडवणारं पॅकिंग बसतं तिथं, काळपट ओली रेघ दिसते का बघा. ती रेघ बोल्टपासून सुरू होऊन खाली ओघळलेली असते, बोट लावलं की बोटाला तेल लागतं आणि तिच्यावरची धूळ चिखलासारखी मऊ झालेली असते. म्हणजे पॅकिंग गळतंय. पाइपच्या जोडाजवळ हिरवट, गुलाबी किंवा पांढुरका सुकलेला डाग असेल तर ते कूलंट. ब्रेक ऑइलच्या डबीखालचा रंग पोपडा होऊन निघाला असेल तर तिथंही थेंब पडतोय. या प्रत्येक जागेचा फोटो काढा. एकदा धुतलं की हा पुरावा जातो आणि मेस्त्रीला गळती नव्यानं शोधावी लागते. वॉशिंग सेंटरमधून इंजिन चकाचक करून घेतल्यावर हीच माहिती वाहून जाते, म्हणून घरी करण्याला माझी जास्त पसंती.

याच वेळी उंदरांचाही माग काढा. गाडी शेताकडेला किंवा उसाच्या फडाजवळ उभी राहत असेल तर हे चुकवू नका. बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस कुरतडलेला, बॅटरीमागं पाचटाचे तुकडे, वायरवर बारीक दातांच्या खुणा, काळ्या लेंड्या. असं काही दिसलं तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात घालू नका, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग होतो. तिथं जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, मग ओल्या फडक्यानं उचलून पिशवीत बांधा. कोरडं झाडायचं नाही, धूळ नाकात जाते. तांब्याची तार उघडी पडलेली दिसली तर धुण्याचा बेत तिथंच थांबवा आणि आधी वायरिंग करून घ्या.

सामान फार लागत नाही. एक इंची आणि दोन इंची रंगाचे ब्रश (ब्रशची पत्र्याची पट्टी टेपनं गुंडाळा, ओरखडे पडत नाहीत), जुना टूथब्रश, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, दोन बादल्या, दाब देऊन फवारणारी छोटी बाटली, पाण्यात मिसळणारं डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण). शेतावरचा फवारणी पंप वापरू नका, त्यात तणनाशकाचा अंश राहिलेला असतो आणि तो अंगावर उडतो. डीग्रीझर लेबलवर सांगितल्याइतकंच पातळ करा. जास्त कडक ठेवलं तर ॲल्युमिनियमवर पांढरे डाग पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत. रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल नको. डिझेल मारून इंजिन धुण्याची पद्धत आपल्याकडं अजून आहे आणि त्यानं चमक येतेही, पण डिझेलनं होस पाइप आणि इंजिन माउंटिंगचं रबर फुगतं, आणि राहिलेल्या तेलकटपणावर महिनाभरात पुन्हा धूळ बसते. पेट्रोलच्या वाफेला तर एक ठिणगी पुरते.

पुढं बॅटरी. दहाचा पाना घ्या आणि आधी काळी वायर काढा, मग लाल. क्रम उलटा झाला तर लाल वायर सैल करताना पाना बॉडीला टेकून शॉर्ट होऊ शकतो. वायर काढण्याचं आणखी एक कारण आहे : काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, आणि तेव्हा तुमची बोटं त्याच्याजवळ असतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी भुकटी साठली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टूथब्रशनं लावा. फसफस होईल आणि ती थांबली की पुसून कोरडं करा. बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर ती घट्ट बसवलेली हवीत, सोडा आत जाता कामा नये.

मग झाकाझाक. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर, बऱ्याच गाड्यांत तो बॅटरीजवळच असतो), एअर फिल्टरची हवा घेणारी नळी, पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइल (ठिणगी पाडणारी), डिझेलमध्ये इंजेक्टरचे कनेक्टर, डिपस्टिकचं (तेल मोजायच्या पट्टीचं) तोंड. जाड कॅरीबॅग घालून वर रबरबँड लावा, जिथं बॅग बसत नाही तिथं किचनमधला फॉइल कागद दाबून बसवा. किती पिशव्या लावल्या तो आकडा कागदावर लिहून काचेवर चिकटवा. एखादी आत राहिली तर ती इंजिनच्या बेल्टमध्ये ओढली जाते किंवा मॅनिफोल्डवर वितळते.

गाडीखाली ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा विटांवर उचलून ठेवा. घट्ट ग्रीस लाकडी काडीनं कोरडंच खरवडून वेगळ्या पिशवीत भरा. हे पाणी गटारात गेलं तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेत पोचतं, आणि त्या नदीनं आधीच भरपूर सोसलंय. रंकाळ्यावर किंवा घाटावर गाडी नेऊन धुणं तर साफ चूक. ताडपत्रीवर उरलेलं तेलकट पाणी लाकडाच्या भुश्यात मुरवा.

एवढं झालं की प्रत्यक्ष धुणं सोपं आहे. आधी कोरडा ब्रश फिरवा. वायपरखालच्या जाळीतला पाला हातानं काढा, तो साचला की पाण्याचं भोक तुंबतं आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. डीग्रीझर खालून वर मारा, चार-पाच मिनिटं थांबा, ब्रशनं घासा, पण वाळू देऊ नका. पाणी बाटलीच्या बारीक फवाऱ्यानंच घाला. प्रेशर वॉशर नको, त्याची धार कनेक्टरच्या रबरातून आत शिरते आणि रेडिएटरच्या पाकळ्या वाकवते. पाकळ्यांवर ब्रश उभाच फिरवा. प्लास्टिकला चमक द्यायची तर पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन लावा. बेल्टला मात्र त्याचा हातही लागू नये, बेल्ट घसरतो.

पिशव्या मोजून काढा, बॉनेट उघडं ठेवून गाडी तासभर उन्हात राहू द्या, खोबणीत साचलेलं पाणी फडक्यानं टिपा. बॅटरीला आधी लाल, मग काळी वायर लावा आणि टर्मिनलला थोडी व्हॅसलिन. घड्याळ आणि काचांची ऑटो सेटिंग पुन्हा लावावी लागली तर काळजी करू नका. गाडी दहा-पंधरा मिनिटं न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि ऐका. इंजिन अडखळत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा पेटला तर रेस करू नका, बंद करा आणि आणखी वाळू द्या. तरीही अडखळलं तर मेस्त्रीला फोन लावा आणि इंजिन धुतलंय हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे तो थेट कॉइल आणि कनेक्टरपासून सुरुवात करेल.