म्युझियम पाहून मेडिटरेनियन जेवायला जाताय? या चुका टाळा

अलिबाग, चिपळूण किंवा रत्नागिरीहून आलेलं कुटुंब दिवसभर मुंबईत काळाघोड्याला म्युझियम पाहतं आणि रात्री तिथल्याच एखाद्या मंद दिव्यांच्या मेडिटरेनियन रेस्टॉरंटात शिरतं. काटा-सुरी कशी धरायची याची धास्ती सगळ्यांनाच असते. पैसे आणि मूड मात्र भलतीकडेच जातात. टेबलाची वेळ, माशाचं वजन आणि पदार्थात नेमकं काय आहे, हे कोणी आधी विचारलेलंच नसतं.

सहा ते सातचा खड्डा

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं. आसपासची बरीच चांगली रेस्टॉरंट्स दुपारी तीन-साडेतीनला किचन बंद करतात आणि सातला पुन्हा उघडतात. त्यामुळे सहाला बाहेर पडलेली माणसं तासभर ताटकळतात, मुलं भुकेजतात आणि कोणीतरी वडापाव आणतं. मग सव्वासातला टेबलावर कोणालाच भूक नसते. हा तास आधीच हिशेबात धरा. जहांगीर आर्ट गॅलरी सातपर्यंत उघडी असते, गेटवे चालत दहा मिनिटांवर आहे. मुलांना साडेचारला केळं किंवा बिस्कीट द्या, सहाला काही नको. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टही पाहायची असेल तर सोमवार टाळा. त्या दिवशी ती बंद असते.

टेबल आधी बुक करा आणि बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: टेबल किती वेळासाठी आहे आणि उशीर झाला तर किती मिनिटं धरून ठेवता. शनिवार-रविवारी दीड ते दोन तासांचाच स्लॉट देण्याची पद्धत आहे आणि पंधरा मिनिटांनंतर टेबल दुसऱ्याला जातं. ड्रेस कोडही फोनवरच विचारून घ्या. साडी, कुर्ता यांना सहसा कोणी अडवत नाही, अडवतात ते पुरुषांच्या बर्म्युडाला आणि रबरी चपलेला. दिवसभर चालायचं म्हणून तीच घालून निघालेले लोक इथे फसतात. फेब्रुवारीच्या सुमारास काळाघोडा महोत्सव असतो. ते नऊ दिवस गाडी घेऊन या भागात येऊच नका.

परतीचा हिशेब गावानुसार बदलतो. अलिबागकरांनी रात्रीच्या जेवणाचा नाद सोडावा, कारण जेवून उठेपर्यंत गेटवेवरून मांडव्याला जाणारी बोट उरलेली नसते. त्यांनी साडेबाराचं टेबल घ्यावं आणि म्युझियम नंतर पाहावं. पावसाळ्यात तर गेटवेच्या बोटी बंदच असतात, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोची वेळ पाहावी लागते. रात्री अकरानंतर सीएसएमटीहून सुटणारी कोकणकन्या गाठायची असेल, तर साडेसातचं टेबल घ्या आणि पावणेदहाला बिल मागवा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवून या. तिथे बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा.

पावाने पोट भरणं

बसल्या बसल्या गरम पाव आणि ऑलिव्ह ऑइल येतं. दिवसभर पायपीट केलेली माणसं त्यावर तुटून पडतात आणि मुख्य जेवण येईपर्यंत हात वर करतात. हा पाव फुकट आहे की बिलात लागणार, हेही विचारा, दोन्ही पद्धती आहेत. तेल घशाला किंचित तिखट लागलं, ठसका आला, तर ते खवट नाही. ताज्या एक्स्ट्रा व्हर्जिन तेलाचा तो गुणच आहे. खवट तेलाला जुन्या शेंगदाण्याचा किंवा मेणाच्या खडूचा वास येतो. तसा आला तर बदलून मागा.

मेझे म्हणजे मध्ये ठेवून सगळ्यांनी खायच्या लहान वाट्या. प्रत्येकाने आपापली वाटी मागवली की चार जणांत चार हमस (काबुली चण्याची मऊ चटणी) होतात आणि तीन परत जातात. चौघांना तीन वेगवेगळे मेझे, एक सॅलड आणि दोन टोपल्या पिटा (चपटा पाव) पुरतात. त्यानंतर तीन मुख्य पदार्थ मागवा, चौथा लागलाच तर नंतर सांगता येतो. निवडताना चवींची जात बदला. हमस आणि बाबा गनूश दोन्हींत तिळाची ताहिनी, लिंबू आणि लसूण असते, म्हणून दोन्ही एकत्र घेतले तर तोंडात एकच चव राहते. हमसबरोबर मुहम्मरा घ्या. भाजलेली लाल ढोबळी मिरची, अक्रोड आणि डाळिंबाचा आटवलेला रस असल्यामुळे तो आंबटगोड लागतो. तिसरा लबने. लबने म्हणजे आपला चक्काच, फक्त साखरेऐवजी मीठ आणि वरून ऑलिव्ह ऑइल.

बाबा गनूश पाहून 'हे तर आपलं भरीत' असं प्रत्येक टेबलावर कोणीतरी म्हणतंच. वांगं दोन्हीकडे विस्तवावरच भाजतात, पण इथे कांदा, हिरवी मिरची नसते आणि ते गार खातात. गार आलं म्हणून गरम करून आणायला सांगू नका, ताहिनी फुटते आणि तेल वेगळं होतं. हमस मात्र थेट फ्रिजमधून आला आणि घट्ट गोळ्यासारखा बसला, तर पाच-सात मिनिटं तसाच ठेवा, मऊ पडतो.

'तिखट करून आणा' हे सांगणंही चुकतं. किचन बिचारं वरून चिली फ्लेक्स भुरभुरतं आणि पदार्थ फक्त झोंबतो. त्यापेक्षा बाजूला हरिसा मागा. ही भाजलेल्या लाल मिरचीची लसूण-जिरं घातलेली चटणी आहे, हवी तेवढी लावून खाता येते. मीठ मागण्याआधी चार घास खाऊन पाहा. फेटा, ऑलिव्ह, केपर्स, अँचोवी हे सगळे मुळात खारे असतात, फेटा आत लपलेला असला तर तो तिसऱ्या घासाला सापडतो.

मासा: कोकणी माणूस इथेच चुकतो

मासा आपल्याला कळतो, हे खरंच. पण मेन्यूवरची नावं वेगळी आणि शिजवण्याचा हिशेबही वेगळा. रावसाला इंग्रजी मेन्यूत 'इंडियन सॅमन' म्हणतात, तर नुसतं 'सॅमन' म्हणजे परदेशातून आलेला, केशरी मांसाचा, वेगळ्याच जातीचा मासा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. 'सी बास' हे त्याहून निसरडं नाव आहे. तो आयात केलेला युरोपीय ब्रँझिनो असू शकतो किंवा रायगडच्या खाडीतला आपला जिताडा. जिताडा असेल तर उत्तमच, पण त्यासाठी परदेशी माशाचा दर मोजू नका. 'व्हाइट फिश' एवढंच लिहिलं असेल तर बासा (तळ्यात वाढवलेला स्वस्त मासा) निघण्याची शक्यता धरून चाला. वेटरला सरळ विचारावं, "कुठला मासा आहे? ताजा की फ्रोजन?" त्याला माहीत नसेल तर तो आत जाऊन शेफला विचारून येतो, यात संकोचण्यासारखं काही नाही. १ जूनपासून किमान ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी असते, त्या काळात हा प्रश्न विचारायलाच हवा.

अख्ख्या माशापुढे दर पाहा. तिथे 'मार्केट प्राइस' किंवा १०० ग्रॅमचा दर लिहिलेला असतो आणि तो घाईत पूर्ण माशाचा वाटतो. समजा १०० ग्रॅमला ४०० रुपये आहे आणि मासा ८५० ग्रॅमचा निघाला, तर ३,४०० रुपये झाले, कर वेगळा. वजन कच्च्या, अख्ख्या माशाचं धरतात. डोकं, काटे, पोटातली घाण गेली की हातात साधारण निम्मं मांस येतं. म्हणजे ८५० ग्रॅमचा मासा दोघांचा, चौघांचा नाही. मासा आधी दाखवायला सांगा, वजन करून एकूण रक्कम विचारा, मगच हो म्हणा. दादरच्या किंवा मिरकरवाड्याच्या बाजारात कल्ले उघडून पाहणारी माणसं इथे का गप्प बसतात, कोण जाणे.

आता शिजवण्याचं. आपला मासा रव्यात कुरकुरीत होतो नाहीतर कालवणात मुरतो. इथला मासा मधोमध जेमतेम शिजतो: मांस अपारदर्शक होतं, काट्याने दाबलं की पाकळ्या सुटतात, पण ओलावा राहतो. याला 'कच्चा' म्हणून परत पाठवला की तो कोरडा, चोथा होऊन येतो आणि दोष किचनवर जातो. अगदी चांगला शिजलेलाच हवा असेल तर ते ऑर्डर देताना सांगा, आल्यावर नाही. परत पाठवायची खरी कारणं दुसरी आहेत: अमोनियाचा वास, पिठासारखं मऊ पडलेलं मांस, किंवा काट्यालगत लालसर कच्चं रक्त. तिसऱ्यांचा पास्ता आला तर घरचाच नियम लावा, शिजूनही न उघडलेली शिंपली बाजूला काढा.

माकुल रबरासारखा का होतो, हे कोकणातल्या प्रत्येक सुगरणीला माहीत आहे. तो एक-दोन मिनिटांत उतरवायचा, नाहीतर अर्ध्या तासावर मंद शिजवायचा. मधल्या वेळात तो चिवटच राहतो. कालामारी (तळलेला माकुल) चिवट आली तर ती या मधल्या वेळात सापडलेली असते आणि परत द्यायला हरकत नाही. ऑक्टोपस आधी तास-दीड तास मंद शिजवून मग निखाऱ्यावर भाजतात, तेव्हा त्याची नुसत्या काट्यानेही तुटेल अशी अवस्था यायला हवी. तो फ्रोजन आहे म्हटल्यावर नाक मुरडू नका. गोठताना आतले तंतू मोडतात आणि तो उलट मऊ होतो.

पूर्ण मासा काटे काढून हवा असेल तर टेबलावरच काढून देतात, मागावं लागतं. हाताने खायचा असेल तर खुशाल खा आणि फिंगर बोल (बोटं धुवायची वाटी) मागा. पिटा तर सुरीने कापणंच विचित्र दिसतं.

भात कच्चा नाही

रिसोटोचा, म्हणजे इटालियन भाताचा, दाणा मध्यभागी किंचित टणक ठेवतात आणि बाजूचं पिठाळ पाणी दाट सायीसारखं असतं. आपल्या मऊभाताच्या मापाने तो कच्चा वाटतो. ज्येष्ठ मंडळींना चालणार नसेल तर 'जरा जास्त शिजवा' हे ऑर्डरबरोबरच सांगा. आलेला परत पाठवला तर त्याची पेज होते. तो ताटात गार पडला की घट्ट बसतो, म्हणून फोटो दोनच काढा.

पाएला या स्पॅनिश भाताचं गणित उलटं आहे. तो ऑर्डरनंतर शिजायला घेतात, ३५ ते ४५ मिनिटं लागतात आणि बहुतेक ठिकाणी दोघांच्या खाली देत नाहीत. म्हणून बसल्याबरोबर सांगायचा. मेझे संपल्यावर सांगितला तर स्लॉट संपत येतो आणि वेटर घड्याळाकडे पाहायला लागतो. पाएला ढवळू नका. तळाला जी कुरकुरीत तांबूस खरवड धरते तिला सोकारात म्हणतात आणि स्पेनमध्ये भांडणं होतात ती तिच्यासाठीच. करपलाय म्हणून कडेला सारू नका, मात्र काळी आणि कडू लागली तर तो खरोखर करपलेला आहे.

हिरवा ठिपका पुरेसा नाही

शाकाहारी माणसाने मेन्यूवरचा ठिपका पाहावाच, पण पुढचे प्रश्नही विचारावेत. रिसोटोचं स्टॉक चिकनचं आहे का? सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोवी म्हणजे खारवलेले मासे आहेत का? पनाकोटा या गोड पदार्थात जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं) आहे का? तिरामिसूत अंडं असतं, बकलावात सहसा नसतं. अस्सल परमेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या द्रव्याने) बनतं. इथे बहुतेक जण शाकाहारी रेनेटचं वापरतात, तरी विचारा. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे तळणीचं तेल: फलाफल (चण्याचे वडे) आणि कालामारी एकाच कढईत तळतात का? ग्रिलचंही तेच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना इथे फार थोडं उरतं, त्यांच्यासाठी आदल्या दिवशीच फोन करा. संकष्टीचा उपास सोडायचा असेल तर चंद्रोदय आणि किचनची शेवटची ऑर्डर या दोन्ही वेळा जुळतात का ते पाहा.

तिळाची ॲलर्जी असेल तर ताहिनीमुळे अर्धा मेन्यू बाद होतो. हे बुकिंगलाच सांगा, टेबलावर पुन्हा सांगा.

पाणी, ताट, बिल

"स्टिल की स्पार्कलिंग?" असं वेटर विचारतो तेव्हा दोन्ही उत्तरं विकतच्या बाटलीची असतात. "साधं फिल्टरचं" म्हणा, मिळतं. काटा-सुरी शेजारी शेजारी ठेवून दांडे घड्याळातल्या चार-वीसच्या काट्यांसारखे तिरपे केलेत तर ताट उचललं जातं. मध्येच थांबायचं असेल तर दोन्ही ताटावर उलट्या व्हीसारखी ठेवा. वाइन घ्यायची असेल तर महाराष्ट्रात वयाची अट बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ आहे, ओळखपत्र जवळ असू द्या.

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. फरक केवढा पडतो पाहा. जेवण ५,००० रुपयांचं, १० टक्के सर्व्हिस चार्ज ५००, मग ५ टक्के जीएसटी या ५,५०० वर, म्हणजे २७५. एकूण ५,७७५. चार्ज काढला तर ५,२५०. द्यायचा नसेल तर कार्ड देण्याआधी मॅनेजरला शांतपणे सांगा, ते काढून देतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. सेवा आवडली असेल तर तेच पैसे वेटरच्या हातात द्या. महागड्या हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर जीएसटी १८ टक्के असू शकतो. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो आणि तो वेगळ्या ओळीत दिसायला हवा.

उरलेलं बांधून मागायला लाजू नका, पण काय मागायचं ते निवडा. पिटा, फलाफल, बकलावा रात्रीच्या गाडीत सकाळपर्यंत टिकतात. हमस आणि लबने बिनबर्फाच्या डब्यात उकाड्यात दोन तासांपलीकडे नको. मासा, तिसऱ्या आणि रिसोटो टेबलावरच संपवा, आणि संपणार नाही असं वाटलं तर तिसरा मुख्य पदार्थ अजून किचनमध्ये चढला नसतानाच वेटरला हाक मारा.