ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवायचा तर

हिशेबाचं टॅली एकाच मशीनवर असतं आणि पार्टीला लेजर हवं असतं रात्री नऊ वाजता. चार-पाच कॉम्प्युटरच्या ऑफिसात यासाठी सर्व्हर घ्यायची गरज नाही. आहे त्यातच जमतं.

पहिलं काम विजेचं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) पॉवर मॅनेजमेंटखाली ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ शोधा (मदरबोर्डप्रमाणे नाव थोडं बदलतं) आणि ते ‘पॉवर ऑन’ करा. मग लाइट जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होतं. विंडोजमध्ये स्लीप ‘नेव्हर’वर ठेवा. राउटरही यूपीएसवर घ्या, ते हमखास राहून जातं.

आता विंडोज कोणतं आहे ते बघा. मशीन दुरून चालवायची विंडोजचीच सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप. ‘होम’ आवृत्तीत त्याने बाहेरून येता येत नाही, ‘प्रो’ लागतं. प्रो असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप इथे जाऊन बटण चालू करा. खात्याला पासवर्ड हवाच. पासवर्ड रिकामा असेल तर विंडोज आत घेत नाही, आणि रोज टाकायचा पिन इथे चालत नाही. पहिल्या दिवशी बरेच जण इथेच अडकतात.

यानंतर कोणीतरी जाणकार सांगेल, ‘राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून दे.’ हा रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा. उघडू नका. इंटरनेटवर हा पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र पासवर्ड लावून बघत असतात. २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाची त्रुटी सापडली. ती इतकी गंभीर होती की सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला.

त्याऐवजी फक्त तुमच्याच मशीन एकमेकांना जोडणारं खासगी जाळं (व्हीपीएन) करा. वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालणारं टेलस्केल यासाठी सोपं आहे. ऑफिसच्या मशीनवर आणि घरच्या लॅपटॉपवर ते टाका आणि दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन असू द्या. ऑफिसच्या मशीनवर ‘रन अनअटेंडेड’ चालू करा, नाहीतर रीस्टार्टनंतर कोणी लॉगिन करेपर्यंत ते जोडलंच जाणार नाही. टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर त्या मशीनची ‘की एक्स्पायरी’ही, म्हणजे लॉगिनची मुदत, बंद करा. ही मुदत एरवी १८० दिवसांची असते, आणि ती संपते तेव्हा तुम्ही नेमके गावी असता. मग घरून ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडून टेलस्केलने दिलेला, १०० ने सुरू होणारा पत्ता टाका.

एक अडचण मात्र राहते. तुम्ही आत शिरलात की ऑफिसातला स्क्रीन लॉक होतो. काउंटरवर मुलगा बिल करत असेल तर तो खोळंबतो. त्याच्याच स्क्रीनवर बघून काही समजवायचं असेल, किंवा विंडोज होम असेल, तर रस्टडेस्क किंवा एनीडेस्क वापरा. तिथे दोघांनाही एकच स्क्रीन दिसतो. मात्र फोनवर कोणी अनोळखी माणूस असं अ‍ॅप टाकायला सांगत असेल तर सरळ फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं.

विंडोज सुरूच झालं नाही तर यातलं काहीच कामाला येत नाही. तेव्हा आयपी-केव्हीएम लागतो. एचडीएमआय आणि यूएसबीने जोडलेली ही छोटी डबी बायोसचा स्क्रीनसुद्धा घरी दाखवते. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर चालणारा पायकेव्हीएम त्यातलाच. एकाच मशीनसाठी हा खर्च मला जास्त वाटतो. शाखा दुसऱ्या गावात असेल तर मात्र करावा.

चाचणी ऑफिसच्या वायफायवरून घेऊ नका, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्या. त्याआधी मशीन नीट शटडाउन करा, यूपीएसचं बटण बंद करून पुन्हा चालू करा आणि कोणाचाही हात न लागता सगळं जोडलं जातंय का ते पाहा.