लॉनवर डाग पडलेत? आधी गुडघे टेका, मग फवारा

सोलापुरात होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयाचं लॉन मी सांभाळतो. हरळीचं आहे. सप्टेंबरात आपल्याकडे पावसाचा जोर, ऑक्टोबरात दिवसा चटका आणि पहाटे दंव. पुढं तुळशीचं लग्न लागलं की बुकिंग सुरू. बुरशीलाही नेमका हाच मुहूर्त सापडतो.

उन्हं यायच्या आत लॉनवर जा आणि गुडघे टेकून बघा. डागावर पांढरी कापसासारखी जाळी गवतात गुंतलेली असेल तर बुरशी. (वरवर ताणलेली असेल तर कोळ्याची. मी एकदा कोळ्यावर फवारलंय.) आता एक पातं उपटा. मधेच फिकट पट्टा, दोन्ही कडांना तांबूस रेघ आणि जमिनीवर नाण्याएवढे वाळके ठिपके, तर तो डॉलर स्पॉट. डाग मोठा, गोल आणि पहाटे कडेला धुरकट कडं दिसलं, तर ब्राऊन पॅच.

हे ओळखणं का महत्त्वाचं? डॉलर स्पॉट उपाशी गवताला धरतो, थोडा युरिया दिला की गवत सावरतं. ब्राऊन पॅच खाऊन माजलेल्या गवताला धरतो. मी पिवळं दिसलं म्हणून युरिया फेकला, निघाला ब्राऊन पॅच. आठवड्यात ताटाएवढा डाग परातीएवढा झाला.

संध्याकाळचं पाणी बंद करा, पहाटे द्या. रात्रभर पातं ओलं राहिलं की बुरशीचं फावतं. गोल्फच्या मैदानावर सकाळी लांब लवचिक काठी फिरवून ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचं, दंव झाडतात. आम्ही दोघं बांबूला जुना सोलापुरी टॉवेल बांधून ओढतो, काम तेच होतं. ओल्या गवतावर मशीन घालू नका, डागाचा भाग शेवटी कापा आणि मशीनचं पातं धुवा. मंडपवाल्याला कार्पेट रात्रीच उचलायला लावा, हे मात्र भांडूनच करावं लागतं.

डाग दरवर्षी त्याच जागी येत असेल तर काळ्या मातीत पाणी मुरत नाहीये. बागकामाच्या दातेरी काट्यानं भोकं पाडून धुतलेली वाळू भरा.

एवढं करूनही वाढलं तर प्रोपिकोनाझोल हे बुरशीनाशक फवारा, मात्रा लेबलवरचीच. पुढची फवारणी लागली तर वेगळ्या गटातलं औषध घ्या, मँकोझेब चालेल. एकच औषध मारत राहिलं की बुरशी त्याला दाद देत नाही.

वाळलेलं पातं परत हिरवं होत नाही, नवीन फुटवा यावा लागतो आणि थंडीत हरळी रेंगाळते. तोवर स्टेज त्या डागावरच लावायला सांगा.