कपाटाचे लोंबलेले किंवा अडकणारे दार: दुरुस्तीपूर्वीची तयारी

सुटे भाग जोडून उभ्या केलेल्या कपाटाचे दार लोंबले की हात आधी बिजागरीच्या स्क्रूकडे जातो. खरे तर पहिली तयारी स्क्रूला हात न लावता करायची असते. दार बंद ठेवून त्याच्या चारही बाजूंची फट नीट पाहावी आणि ती कुठे रुंद, कुठे अरुंद आहे हे कागदावर लिहून ठेवावे. दोन दारांच्या मध्ये साधारण 2 ते 3 मिलिमीटरची सारखी फट असली, तर दारे ठीक बसली आहेत असे समजावे. फट वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा उलट असेल, तर दार तिरपे झाले आहे. फट सगळीकडे सारखी असूनही दार शेजारच्या दारापेक्षा खाली दिसत असेल, तर ते अख्खेच खाली सरकले आहे. या दोन दोषांचे उपाय वेगळे आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच होतो.

त्यानंतर दार सावकाश उघडावे आणि मोकळ्या कडेला धरून हलकेच वर उचलून पाहावे. बिजागरी जागची हलत असेल, तर ती दाराच्या गोल भोकात बसलेल्या वाटीपाशी हलते की कपाटाच्या बाजूला बसवलेल्या पट्टीपाशी, हे विजेरीच्या उजेडात पाहून घ्यावे. काहीच हलत नसेल, तर दोष बहुधा सांगाड्यात आहे असे धरून पुढचे माप घ्यावे.

ते माप कर्णाचे. मोजपट्टीने कपाटाच्या समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. 800 मिलिमीटर उंच आणि 600 मिलिमीटर रुंद चौकटीचा कर्ण बरोबर 1000 मिलिमीटर भरतो. दोन कर्णांत तीन-चार मिलिमीटरचा फरक आला, तर चौकट काटकोनात उरलेली नाही आणि तिच्यावर टांगलेले दार कितीही जुळवले तरी डोळ्याला खटकत राहील. अशा कपाटाला काटकोनात धरून ठेवण्याचे काम पाठीमागची पातळ फळी करते. तिचे खिळे सुटले असतील किंवा ती खाचेतून निसटली असेल, तर दुरुस्तीची सुरुवात तिथून करावी. पाणसळ कपाटाच्या माथ्यावर एकदा आडवी आणि एकदा पुढून मागे ठेवून पाहावी. जमीन उंचसखल असेल, तर पायांचे फिरते स्क्रू कमीजास्त करून किंवा पायाखाली पातळ, टणक पाचर सरकवून कपाट समपातळीत आणावे आणि मग दारे पुन्हा तपासावीत. पुष्कळदा काम इथेच संपते, त्यामुळे ही पायरी वगळू नये.

कपाट हलवावे लागणार असेल, तर ते आधी रिकामे करावे. उंच कपाट भिंतीला पक्के बांधलेले आहे ना, याची खात्री करून घ्यावी, कारण न बांधलेल्या कपाटाची दारे एकदम उघडली की त्याचा तोल पुढे जातो. दार काढायचे असल्यास त्याला खालून आधार द्यायला योग्य उंचीची पुस्तके किंवा पाचरी जवळ ठेवाव्यात. उंच किंवा आरसा लावलेल्या दारासाठी दुसरा माणूस हवाच. काढलेले दार आडवे ठेवण्यासाठी चादर अंथरलेली सपाट जागाही आधीच मोकळी करून ठेवावी.

हत्यारांत पहिला मान स्क्रूड्रायव्हरचा, आणि इथे थोडे चोखंदळ असावे. या बिजागऱ्यांच्या स्क्रूंवर बहुधा अधिक चिन्हाच्या मध्ये चार बारीक तिरक्या रेघा दिसतात. त्या दिसल्या तर पोझीड्राइव्ह प्रकारचे, सहसा दोन क्रमांकाचे टोक लागते. साधे फिलिप्स टोक त्यात वरवर बसते खरे, पण जोर दिला की निसटते आणि खाच झिजवते. विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर या कामात बाजूलाच ठेवावा, कारण पार्टिकल बोर्डात, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत, स्क्रू जरा जास्त फिरला की भुसा सुटतो आणि भोक निकामी होते.

स्क्रू फिरवण्यापूर्वी पट्टीच्या कडा पेन्सिलीने आखून घ्याव्यात आणि प्रत्येक बिजागरीचे छायाचित्र काढून ठेवावे. कोणता स्क्रू काय करतो हेही आधी ओळखून घ्यावे. वाटी आणि पट्टी यांना जोडणाऱ्या बिजागरीच्या दांड्यावर, दाराच्या जवळ असलेला स्क्रू सहसा दार डावी-उजवीकडे नेतो, मागचा स्क्रू दार कपाटाच्या जवळ किंवा दूर करतो आणि उंची पट्टीच्या लांबट भोकांतून किंवा तिथल्या वेगळ्या स्क्रूने बदलते. लोंबलेल्या मोकळ्या कोपऱ्यासाठी अनेक जण उंचीचा स्क्रू फिरवत बसतात, पण त्याने तिरपे दार तिरपेच राहून वर सरकते. दाराची वरची बाजू बिजागरीकडे ओढली किंवा खालची बाजू बाहेर ढकलली, की मोकळा कोपरा वर येतो. दोन बिजागऱ्यांत 600 मिलिमीटर अंतर आणि दाराची रुंदी 400 मिलिमीटर असेल, तर वरची बिजागरी 1 मिलिमीटर सरकवल्यावर मोकळी कड सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटर उचलली जाते. म्हणून एका वेळी अर्धा वेढा फिरवून दार बंद करून पाहण्याइतका धीर लागतो.

दार लोंबत नसून जड फिरत असेल, तर यादी थोडी बदलते. बिजागरीकडची कड सांगाड्याला घासत असेल, तर मागच्या स्क्रूने दार किंचित पुढे आणावे लागते. सांध्यात चिकट मळ साचला असेल, तर कोरडा ब्रश, फडके आणि सिलिकॉनचा किंवा टेफ्लॉनचा फवारा तयार ठेवावा. खाद्यतेल वापरू नये, ते काही काळाने घट्ट होऊन धूळ धरते. दार हळूच मिटवणाऱ्या दट्ट्याला मात्र कोणताच फवारा मारू नये. तो बिघडला असेल तर बदलावा.

भोकातले आटे गेले असतील आणि स्क्रू नुसताच फिरत असेल, तर लाकडाचा पांढरा गोंद, 8 मिलिमीटरची लाकडी खुंटी, त्याच मापाचे ड्रिलचे पाते आणि डोळ्यांवरचा चष्मा इतके साहित्य जमवावे. 16 मिलिमीटर जाडीच्या फळीत भोक 12 मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नये म्हणून पात्यावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळावी. खुंटी गोंदासह ठोकून, कडेला सपाट कापून, पूर्ण दिवस वाळू द्यावी आणि मगच तिच्यात बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. लांब स्क्रू हा सोपा उपाय वाटतो, पण 16 मिलिमीटरच्या दारात तो पुढच्या पृष्ठभागातून बाहेर येतो. वाटीचे भोक फुटून कडा ढासळल्या असतील, तर खुंटी पुरणार नाही. त्यासाठी बिजागरीभोवती लावायची धातूची दुरुस्ती-पट्टी आणावी.

नवी बिजागरी घ्यायची झाल्यास जुनी सोबत न्यावी. वाटीचा व्यास बहुतेक ठिकाणी 35 मिलिमीटर असला, तरी दांड्याचा वाक आणि पट्टीची उंची वेगळी असू शकते. दार बाजूच्या फळीला पूर्ण झाकते, अर्धे झाकते की चौकटीच्या आत बसते, हेही लिहून न्यावे.

शेवटी दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावे. पाणी शिरून पार्टिकल बोर्ड फुगला असेल, तर तो वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही आणि रंधा मारल्यास कडेचे आवरण जाऊन ओल आणखी आत शिरते. असे दार जुळवण्यात वेळ घालवू नये. त्याची लांबी, रुंदी, जाडी आणि वाटीच्या भोकांची कडेपासूनची अंतरे मोजून नवे दार करून घ्यावे.