दूरच्या सर्व्हरला कुलूप, किल्ली वडगावात

बेळगावात वडगावला आमच्या घरी खाली चार पॉवरलूम आणि वर माझं टेबल. तिथं बसून मी खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर भाड्याचा, मी तो कधी डोळ्यांनी बघितलेला नाही. त्यात सभासदांची कर्जं, ठेवी, सगळं. उद्या त्यातली डिस्क भंगारात गेली किंवा तिची कॉपी भलत्याच्या हाती लागली, तर काही वाचता येऊ नये म्हणून अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची.

मशीन केव्हीएमवरचं घ्या, म्हणजे स्वतःचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालवणारं. ओपनव्हीझेडसारख्या कंटेनरात कर्नल मालकाचा असतो, तिथं हे जमत नाही. चालू डिस्कला मागाहून कुलूप चढवायच्या भानगडीत पडू नका. डेटा बाजूला काढा आणि डेबियन १२ ही लिनक्स सिस्टीम नव्यानं टाका. भाड्याच्या कंपनीच्या पॅनेलमधून आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) जोडायची, ब्राउझरमधल्या कन्सोलवर इन्स्टॉलर चालवायचा आणि पार्टिशनच्या पानावर ‘एन्क्रिप्टेड एलव्हीएम’ निवडायचं. बूटचं छोटं पार्टिशन उघडं राहतं, बाकी सगळं लक्स या लिनक्सच्या कुलपाच्या आत जातं.

पासफ्रेज, म्हणजे लांब पासवर्ड, फासे टाकून निवडलेल्या सहा-सात शब्दांची ठेवा. मी निम्मे मराठी, निम्मे कानडी घेतो, नाहीतरी दिवसभर तसंच बोलतो. कुंदा, चन्नम्मा असलं काही नको. बेळगावचा माणूस तेच टाकणार हे कुणालाही सुचेल. फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि मोकळी जागा वापरा. कन्सोलचा कीबोर्ड वेगळा निघाला तर ॲटच्या चिन्हाऐवजी भलतंच उमटतं, आणि पासफ्रेज दिसत नसल्यामुळे चूक कळतही नाही.

इथवर सोपं. खरी अडचण रीबूटला. सर्व्हर उठतो, पासफ्रेज मागतो आणि गप्प बसतो. नेहमीचं एसएसएच, म्हणजे दुरून आत शिरायची वाट, अजून कुलपाच्या आत आहे की ओ!

म्हणून ‘ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस’ हे पॅकेज टाका. इनिटरॅमएफएस म्हणजे डिस्क उघडायच्या आधी चालणारी छोटी सिस्टीम. हे छोटं एसएसएच उघड्या बूटमधून, डिस्क उघडायच्या आधीच चालू होतं. तुमची पब्लिक की (एसएसएच किल्लीच्या जोडीतला उघडा भाग) ‘ईटीसी’मधल्या ड्रॉपबेअरच्या इनिटरॅमएफएस फोल्डरात, ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये ठेवा. तिथल्याच कॉन्फ फाइलमध्ये पोर्ट २२२२ करा. ड्रॉपबेअरची होस्ट की, म्हणजे सर्व्हरची ओळख, वेगळी असते. दोन्ही एसएसएच नेहमीच्या पोर्ट २२ वर ठेवलीत तर लॅपटॉप दर वेळी धोक्याचा इशारा देईल आणि तुम्हाला तो झटकायची सवय लागेल. नेहमीच्या एसएसएचची होस्ट की मात्र तिथं कॉपी करू नका, ती जागा उघडी आहे.

सर्व्हरचा आयपी पत्ता डीएचसीपीनं आपोआप मिळत असेल तर ठीक. स्थिर असेल तर इनिटरॅमएफएसच्या कॉन्फमध्ये ‘आयपी’ची ओळ लिहा: पत्ता, दोन कोलन, गेटवे, कोलन, नेटमास्क, कोलन, होस्टनेम, कोलन, इंटरफेस, कोलन, ऑफ. पत्त्यानंतरचं एक कोलन राहिलं आणि माझी अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवायचं. ते विसरलात तर वरचं सगळं कागदावरच.

आता कन्सोल उघडा ठेवून रीबूट करा. पिंग सुरू झालं की २२२२ वर रूट (मुख्य वापरकर्ता) म्हणून आत शिरा, ‘क्रिप्टरूट-अनलॉक’ टाइप करा, पासफ्रेज द्या. जोडणी तुटते आणि थोड्या वेळात नेहमीचं २२ उघडतं.

गेल्या गणपतीत मी जांबोटीला होतो. रात्री भाड्याच्या कंपनीनं दुरुस्तीसाठी मशीन रीबूट केलं. लॅपटॉप वडगावात, बाहेर पाऊस, फोनला रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात. सकाळी मॅनेजरांचा फोन, ‘सिस्टीम उघडेना हो.’ वडगावला परतेपर्यंत साडेअकरा. तेव्हापासून फोनमध्ये वेगळी एसएसएच की ठेवतो. शिवाय लक्समध्ये एकापेक्षा जास्त पासफ्रेज चालतात. ‘क्रिप्टसेटअप लक्सॲडकी’नं दुसरी घातली, आणि ती बंद पाकिटात वहिनींच्या कपाटात आहे.

पतसंस्थेला मी स्पष्ट सांगितलंय: सर्व्हर चालू असताना किल्ली मेमरीत असते. ज्याच्या हातात मूळ यंत्र आहे, त्यानं ठरवलं तर ती तिथून काढता येते, उघड्या बूटमध्येही ढवळाढवळ करता येते. हे कुलूप बंद पडलेल्या डिस्कसाठी आहे.

लक्सच्या हेडरचीही (डिस्कच्या सुरुवातीचा भाग, किल्ल्या त्यातच असतात) कॉपी काढा, ‘लक्सहेडरबॅकअप’नं. हेडर बिघडलं तर पासफ्रेज पाठ असून उपयोग नाही. कॉपी त्याच सर्व्हरवर ठेवू नका. माझी पेन ड्राइव्हवर आहे, पाकिटापासून लांब, खाली बॉबिनांच्या खोक्यात.