१६ मिमी फिल्म खरवडून प्रदर्शनासाठी लूप तयार करताना

आधी लांबीचं गणित. १६ मिमी फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम असतात. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला सुमारे १८ सेंमी पट्टी लागते. म्हणजे ३ मीटरचा लूप (दोन्ही टोकं जोडून सतत फिरत राहणारी पट्टी) साधारण १६ सेकंदांनी पुन्हा सुरू होतो.

काळा लीडर (चित्र नसलेली कोरी फिल्मपट्टी) घेताना त्यावर इमल्शनचा, म्हणजे प्रतिमा धरणारा, खरवडता येणारा थर आहे ना, हे पाहा. आरपार काळ्या प्लास्टिकचा लीडरही मिळतो; तो कितीही खरवडला तरी उजेड बाहेर येत नाही. इमल्शनची बाजू ओळखायची तर टोक ओल्या ओठाला लावा, चिकटेल ती बाजू. सुईने किंवा कटरच्या टोकाने थर काढा आणि भुकटी लगेच मऊ ब्रशने झटका, नाहीतर ती प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फ्रेम दिव्यासमोर येते त्या खिडकीत, साचते. छिद्रांच्या कडा मात्र अजिबात दुखावू नका.

५० मिमी लेन्स आणि ५ मीटर अंतर असेल तर चित्र साधारण ९६ सेंमी रुंद पडतं, म्हणजे जवळपास शंभरपट. अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा भिंतीवर ५ सेंमी दिसतो. नाजूक काम करतोय असं वाटतं, पण भिंतीवर ते दांडगंच दिसतं! शिवाय एकाच फ्रेमवरची खूण डोळ्याला जेमतेम जाणवते. आकार ठसायला हवा असेल तर तो निदान ८–१० फ्रेम टिकवा.

आवाजही हातानेच काढता येतो. एका बाजूलाच छिद्रं असलेला पारदर्शक लीडर घ्या आणि छिद्रं नसलेल्या कडेला सुमारे अडीच मिमी पट्ट्यात काळ्या शाईने आडव्या रेघा मारा. फ्रेममागे १० समान रेघा म्हणजे २४० हर्ट्झचा स्वर. आवाज वाचणारा भाग गेटच्या पुढे असतो, म्हणून चित्राशी जुळवायचा आवाज २६ फ्रेम, म्हणजे सुमारे २० सेंमी आधी काढावा लागतो.

लूप मोडतो तो बहुतेक जोडापाशी. छिद्रं असलेली स्प्लायसिंग टेप दोन्ही बाजूंनी लावा; साधी टेप छिद्रं बुजवते, छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढणाऱ्या पंजाला पकड मिळत नाही आणि फिल्म फाटते. पॉलिएस्टर फिल्मला सिमेंटचा (फिल्म चिकटवायच्या द्रावाचा) जोड बसत नाही. ही फिल्म सहजी तुटतही नाही, त्यामुळे अडकली तर इजा प्रोजेक्टरला होते. प्रोजेक्टर आपोआप फिल्म ओढून घेणारा असेल तर आधी पट्टी आत घाला, बाहेर आलेली टोकं मगच जोडा. पीळ पडलेला नाही, इमल्शन सगळीकडे एकाच बाजूला आहे, हेही तपासा.

लूप जमिनीला लागू देऊ नका, धूळ उचलतो. गुळगुळीत फिरणाऱ्या रोलरवरून तो सैल न्या. ताण आला की गेटच्या वरखालचे वळसे आखडतात आणि चित्र उड्या मारतं.

आठ तासांत हा लूप सुमारे १८०० वेळा फिरतो. झीज हा कामाचाच भाग मानणार असाल तर ठीक. नसाल तर मूळ पट्टी लावूच नका. प्रयोगशाळेतून तिच्या प्रती काढून घ्या आणि जोड लावलेले निदान दोन लूप हाताशी तयार ठेवा.