एसएफटीपी सर्व्हर लावताना या चुका टाळा

एसएफटीपी (फायली सुरक्षितपणे पाठवायची पद्धत) जोडलं जात नाही म्हणून फोल्डरला ७७७, म्हणजे कोणालाही वाचायची-लिहायची मोकळीक, देणारे लोक मला वर्षानुवर्षं भेटत आहेत. प्रत्येकाला तेच सांगून झालंय, म्हणून आता लिहून ठेवतो. पुढचं बहुतेक लिनक्सवरच्या ओपनएसएसएच या सर्व्हर-प्रोग्रॅमबद्दल आहे, कारण फायलींच्या देवाणघेवाणीसाठी नवा सर्व्हर लावायचा असेल तर मी तोच लावतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. फायली पाठवायच्या जुन्या एफटीपी प्रोटोकॉलचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून ते एमआयटीत गेले होते. तेव्हाच्या नेटवर्कवर मोजकीच यंत्रं होती, त्यामुळे पासवर्ड उघडा जातो याची फारशी चिंता नव्हती. आज ती आहे. एफटीपीएस म्हणजे त्याच जुन्या एफटीपीवर टीएलएस या सांकेतिकीकरणाचं आवरण. एसएफटीपी मात्र वेगळाच प्रोटोकॉल आहे: तो एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या यंत्राशी बोलायच्या सुरक्षित वाटेने, २२ नंबरच्या एकाच पोर्टवरून चालतो. त्यासाठी २१ नंबरचं पोर्ट उघडायची गरज नसते. तरीही लोक २१ उघडतात, सोबत व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हर चालू करतात आणि नंतर ते बंद करायला विसरतात. 'आमचं आतलंच नेटवर्क आहे' म्हणून साधं एफटीपी ठेवणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय. मी ते काम घेतच नाही.

७७७ची गोष्ट

पुण्यातल्या एका छपाई कारखान्यात ग्राहक आपली डिझाइनं एसएफटीपीने पाठवायचे. तिथल्या तंत्रज्ञाने प्रत्येक ग्राहकाला त्याच्याच फोल्डरमध्ये डांबण्यासाठी क्रूटडिरेक्टरी हे सेटिंग लावलं. विचार अगदी बरोबर. पण लॉगिन झालं की जोडणी लगेच तुटायची, ग्राहकाच्या स्क्रीनवर फक्त 'ब्रोकन पाइप'. सर्व्हरचा लॉग त्याने उघडला नाही. घाईत कुठलं तरी उत्तर शोधून त्याने सगळ्या फोल्डरवर, आतल्या प्रत्येक फाइलसकट, चमोड ७७७ (चमोड म्हणजे हक्क बदलणारी आज्ञा) चालवलं.

जोडणी तरीही तुटत राहिली, म्हणून त्याने क्रूटडिरेक्टरीची ओळच बंद केली. तरी ग्राहकांच्या की (पासवर्डऐवजी लॉगिनला वापरायच्या किल्ली-फायली) चालेनात, कारण ७७७मुळे त्यांच्या डॉट-एसएसएच फोल्डरचे हक्कही मोकळे झाले होते आणि अशा फोल्डरातली की ओपनएसएसएच नाकारतो. त्यावर उपाय म्हणून त्याने ही तपासणी करणारं स्ट्रिक्टमोड्स बंद केलं. शेवटी खात्रीसाठी पासवर्डने लॉगिनही चालू केलं. सगळं 'चालू' झालं. मला बोलावणं आलं ते एका ग्राहकाने फोन करून 'तुमच्याकडे आम्हाला दुसऱ्या कंपनीचा न छापलेला कॅटलॉग दिसतोय' असं सांगितल्यावर. त्याला तो नुसता दिसत नव्हता, पुसताही आला असता.

आणि पहिल्या दिवसापासून उत्तर लॉगमध्ये पडून होतं: 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी'. उबुंटूवर आणि जुन्या डेबियनवर हे ऑथ.लॉगमध्ये दिसतं, रेड हॅटच्या घराण्यात सिक्युअर नावाच्या फाइलमध्ये. क्रूटचं फोल्डर (ज्यात युजरला डांबायचं ते) आणि मुळापासून तिथपर्यंतच्या वाटेवरचं प्रत्येक फोल्डर रूटच्याच (यंत्राच्या मुख्य प्रशासकाच्या) मालकीचं हवं, आणि इतर कोणालाही किंवा ग्रुपलाही त्यात लिहिता येता कामा नये. त्याला कारण आहे. युजरला क्रूटच्या मुळाशीच लिहिता आलं तर तो तिथे बनावट ईटीसी किंवा लिब (सेटिंग्ज आणि लायब्ररींची) फोल्डर रचून जास्त हक्कांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमला फसवू शकतो. म्हणजे इथे हक्क कमी करायचे होते. ७७७ने बरोबर उलटं झालं.

माझी मांडणी ठरलेली आहे. ग्राहकाचं वरचं फोल्डर रूटच्या मालकीचं, हक्क ७५५ (लिहिणं फक्त मालकाला, वाचणं सगळ्यांना). त्याच्या आत 'आवक' नावाचं फोल्डर, ते ग्राहकाच्या मालकीचं, हक्क ७५० (मालक आणि त्याचा ग्रुप सोडून इतरांना काहीच नाही). फायली टाकायच्या त्या फक्त तिथे. ग्राहकांच्या की मी त्यांच्या फोल्डरात ठेवतच नाही. ईटीसी-एसएसएचखाली वेगळं फोल्डर करून, रूटच्या मालकीची, ६४४ हक्कांची (लिहिणं फक्त मालकाला, वाचणं सगळ्यांना), युजरच्या नावाची एकेक फाइल ठेवतो आणि ऑथोराइज्डकीजफाइल हे सेटिंग तिकडे वळवतो. ६४४ अशासाठी की एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हर) ती फाइल त्या युजरच्या हक्कांनीच वाचतो. यामुळे ग्राहकाला परस्पर नवी की घुसवता येत नाही, आणि एखाद्याचं काम संपलं की एक फाइल काढून विषय मिटतो.

'पासवर्ड बंद केलाय' असं वाटणं

ही माझ्या चिडीची दुसरी जागा. एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये पासवर्डऑथेंटिकेशन नो लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, आपल्या कीने लॉगिन झालं आणि माणूस निश्चिंत. पण ओपनएसएसएच एखाद्या सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतो, नंतरची नाही. उबुंटूच्या मुख्य फाइलमध्ये अगदी वरच इन्क्लूडची ओळ असते, आणि ती जोड-फोल्डरातल्या फायली आधी वाचायला लावते. क्लाउडवर घेतलेल्या यंत्रात तिथे बऱ्याचदा क्लाउड-इनिटने (यंत्र पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग्ज लावणाऱ्या प्रोग्रॅमने) ठेवलेली फाइल असते. तिच्यात 'यस' असेल तर तुमच्या 'नो'ला काही अर्थ उरत नाही. सर्व्हर पासवर्ड घेत राहतो, आणि इंटरनेटवरून रात्रंदिवस पासवर्ड आजमावणाऱ्यांना तेवढंच पुरतं.

फाइलमध्ये काय लिहिलंय यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हरलाच विचारा. एसएसएचडीच्या आज्ञेला मोठा टी (-T) दिला की तो प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंग्ज छापतो. सोबत मोठा सी (-C) देऊन युजरचं नाव सांगितलं की त्या युजरला काय लागू आहे तेही कळतं. केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशनही तपासा. ते चालू राहिलं तर पीएएमच्या (लिनक्सच्या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेच्या) वाटेने पासवर्ड मागितला जाऊ शकतो. एवढं झाल्यावर दुसऱ्या यंत्रावरून, की न देता, लॉगिनचा प्रयत्न करा. सर्व्हरने पासवर्ड विचारलाच, तर काम झालेलं नाही.

मॅचची ओळ याच जातीची. मॅच ग्रुपखाली लिहिलेलं सगळं पुढच्या मॅचपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत त्या ग्रुपपुरतंच लागू होतं. लोक फाइलच्या तळाशी नवीन सेटिंग चिकटवतात आणि ते इतरांना का लागत नाही म्हणून डोकं धरतात. मॅचचा भाग नेहमी शेवटी ठेवा. त्यात फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी (फक्त फायलींची देवाणघेवाण करू देणारी ओळ) हिच्याबरोबर अलाउटीसीपीफॉरवर्डिंग नो हवंच. ते लिहायचं राहिलं तर शेल (आज्ञा चालवायची सोय) नसलेला ग्राहकही तुमच्या सर्व्हरमधून बोगदा काढून आतल्या डेटाबेसपर्यंत पोहोचू शकतो.

बाकीच्या चुका

सेवा पुन्हा सुरू करण्याआधी एसएसएचडीच्या लहान टीने (-t) फाइल तपासा, आणि बदल करताना एक जोडणी उघडीच ठेवा. दूरच्या सर्व्हरबाहेर स्वतःलाच कोंडून घेतलेले लोक कमी नाहीत.

२२ऐवजी २२२२ पोर्ट घेतल्याने लॉगमधला कचरा कमी होतो. सुरक्षा वाढत नाही.

२०२१ साली आलेल्या ओपनएसएसएच ८.८ने शा-१ या कमकुवत ठरलेल्या हॅश पद्धतीवर आधारलेल्या आरएसए सह्या बंद केल्या. जुना क्लायंट त्यामुळे अडला की लोक जुनी पद्धत सगळ्यांसाठी परत उघडतात. क्लायंट अद्ययावत करायला सांगा. आरएसए की बदलावी लागत नाही, तीच की नव्या सहीने चालते.

एफटीपीएस ठेवावंच लागलं आणि लॉगिन होऊन फायलींची यादी मात्र अडकली, तर पॅसिव्ह पोर्टची (डेटासाठी सर्व्हर उघडतो त्या पोर्टची) ठरावीक रेंज नेमा आणि फायरवॉलमध्ये तेवढीच उघडा. टीएलएसमुळे फायरवॉलला आतला संवाद वाचता येत नाही, म्हणून डेटाचं पोर्ट तो आपोआप उघडू शकत नाही. कंटाळून अख्खी फायरवॉल बंद करणाऱ्यांच्या हाती मी सर्व्हर देणार नाही.

लॉगचंही आधी पाहा. एप्रिल २०२२च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग ठेवायचे आहेत आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या आहेत. उबुंटूवर ऑथ.लॉग मुळात आठवड्याला फिरतो (नवी फाइल सुरू होते) आणि जुन्या चारच प्रती राहतात. म्हणून लॉगरोटेट या लॉग फिरवणाऱ्या प्रोग्रॅममधला आकडा मी पहिल्याच दिवशी बदलतो, लॉगची प्रत दुसऱ्या यंत्रावर पाठवतो आणि इंटर्नल-एसएफटीपीला लहान एलने (-l) 'इन्फो' पातळी देतो. नाहीतर कोण आलं ते कळतं, काय नेलं ते कळत नाही.

सर्व्हर बदलताना जुन्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) नव्या यंत्रावर न्या. नेता येत नसतील तर नव्या कीचा फिंगरप्रिंट (छोटी ओळखखूण) ग्राहकाला आधी फोनवर वाचून दाखवा आणि जुळला तरच पुढे जायला सांगा.